बिंदीवाला श

…नाही जी, तो तक्ता कोण्या पोराचा नाही, माझाच आहे. नर्सरीतली पंजाबी बाराखडी — चित्रांवाली! बसा आलोकजी, तुमची कार्डं निघून राहिली, प्रिंटरला जरा वेळ लागते. काहून शिकलो म्हणता? आता सदर बाजारात टायपिंगचं दुकान, त्यात जगदीश वासनिक, वय बावन्न, एकटा जीव — याला पंजाबी काहून पाहिजे? अच्छा, सांगतो. शरनजीत मॅडम होत्या एक — शाळेत शिकवायच्या, माझ्याच वयाच्या, त्याही एकट्याच — म्हणजे वडील होते, सुभेदार होते ते फौजेत. त्यांनी जन्मभर कविता लिहिल्या पंजाबीत, आणि आता नजर जाऊन राहिलेली. मॅडमचं म्हणणं, दिसतं आहे तोवर पुस्तक त्यांच्या हाती पडावं. अख्ख्या बाजारात कोणी पंजाबी टायपिंग करेना. मी म्हटलं, आपण करतो ना! येत काय होतं? घंटा! पण त्या समोर उभ्या होत्या ना. त्यांनी कागदावर पंजाबीत स्वतःचं नाव लिहून दिलं, मी ठणठणीत आवाजात वाचलं — मरनजीत! पंजाबीतला स दिसतेच आपल्या मसारखा, खाली बिंदी दिली की श, मला काय माहीत! अशा हसल्या, चष्मा काढून डोळे पुसले. म्हणे, "जगदीशजी, अभी ज़िंदा हूँ मैं."

मग हा तक्ता आणला. रोज दुपारी त्या वाचायच्या, मी एकेक बोटानं टाइप करायचो — चहा व्हायचा, त्या चुका काढायच्या — मी काही चुका, आता काय सांगू, उगाच करायचो. ते जाऊ द्या. पुस्तक झालं, प्रूफ काढलं, तर श गायब! जिथं तिथं नुसता स, आणि बाजूला टिंबांचा एक रिकामा गोल, त्याच्या खाली बिंदी लोंबकळून राहिली. फाइलीत श शोधला, तर कम्प्युटर म्हणते, असं अक्षरच नाही! स्क्रीनवर पानभर दिसून राहिलं, आणि हा म्हणते नाही! पुण्याला भाची आहे, सुखदा, तिला फोन लावला. ती म्हणाली, "मामा, तो श दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक कोड अख्ख्या शचा. नाही तर सचा वेगळा, बिंदीचा वेगळा. डोळ्याला सारखंच दिसतं. तुम्ही दोन तुकडे टाकले आणि शोधून राहिले अख्खा. छापायच्या फॉन्टला ते तुकडे जोडता येत नाहीत, बस." तिनं सांगितलं तसं तुकडे काढून अख्खा श टाकला — एका झटक्यात सगळे श जागेवर! मला वाटलं होतं, महिनाभर तरी दुरुस्त्या चालतील. इतका राग आला सुखदाचा!

पुस्तक छापलं. सुभेदारसाहेबांनी पान नाकाला लावून स्वतःचं नाव वाचलं, मग दुसऱ्यांदा वाचलं. आणि मॅडम म्हणाल्या, आता वडिलांना घेऊन लुधियानाला भावाकडे जाणार, कायमच्या. त्या संध्याकाळी मी काय केलं — बावन्न वर्षांचा घोडा! — मोबाइलवर पंजाबीत मेसेज लिहिला. सगळे श बरोबर, आलोकजी, अख्खे. पाठवला. दुसऱ्या दिवशी मॅडम दुकानात हजर, बटनवाला जुना फोन घेऊन — "जगदीशजी, ये डब्बे-डब्बे क्या भेजे हैं? पढ़कर सुनाइए." पाहतो तर खरंच, नुसते चौकोन — त्या फोनात पंजाबी अक्षरंच नव्हती! तोंडानं सांगायचं होतं फक्त. मी म्हटलं — "पुस्तक के बाकी कॉपी आ गए हैं, ले जाइए." मॅडमनी बटन दाबून मेसेज खालपर्यंत सरकवला. म्हणे, "इतनी सी बात के इतने सारे डब्बे?" आणि गेल्या.

हो, पोचल्या. परवा फोन आला होता — त्यांच्या भाच्यानं नवा मोबाइल घेऊन दिला. म्हणाल्या, "इसमें सब दिखता है, जगदीशजी. अब भेजिए."

मग काय मग? … हे घ्या तुमची कार्डं. नाही, पिशवी नाही आहे. चला, निघा आलोकजी, एक पंजाबी टायपिंग राहिलं आहे — निघा म्हटलं ना.