गिरिजा, तू ऊठ

मंडळी, ऐका. आज कथेआधी एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई नको. प्रश्न असा — लहान मूल पहिल्यांदा आरशात बघतं, तेव्हा त्याला स्वतःचा रंग दिसतो का?

नाही दिसत. त्याला नाक दिसतं, ते आरशावर दाबतं. जीभ दिसते, ती बाहेर काढतं. आरशाच्या मागं कोण लपलंय म्हणून मागं जाऊन बघतं. हसलात? घरोघरी हेच चाललंय. मग रंग दिसतो कधी? आणि दाखवतं कोण? एवढ्याच प्रश्नाचं आजचं आख्यान आहे.

मृदंगबुवा, तुम्ही जरा विसावा घ्या. ह्या कथेला ठेका नको.

कर्नाटकात हल्याळच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला एक गाव. मराठी बोलणारं. तिथं रवळू देसाई म्हणून एक बागायतदार. सुपारीची बाग, भाताची शेतं, दारात बैलजोडी. त्याची बायको गोदाक्का. तिला पहिली मुलगी झाली, वेणू. पण बाळंतपणातच गोदाक्काला ताप भरला आणि दूध आटलं. पोर रडून रडून निळी पडायला लागली.

देसायांच्या बागेत सुब्बी नावाची बाई कामाला होती. सिद्दी समाजाची. तुमच्यातल्या काहींनी सिद्दी बघितले नसतील, म्हणून सांगतो. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून जहाजात घालून आणलेल्या माणसांचे हे वंशज. कुणी विकले गेले, कुणी पळून जंगलात शिरले आणि तिथंच राहिले. आज त्यांच्या तोंडी आपलीच बोली, कितीकांच्या घरात आपलेच देव. फक्त रंग गडद काळा आणि केस कुरळे, टाळूला चिकटून वाढणारे.

सुब्बीलाही तेव्हाच मुलगी झाली होती, गिरिजा. रवळू देसाई स्वतः तिच्या झोपडीच्या दारात जाऊन उभा राहिला. म्हणाला, "सुब्बी, माझी पोर जाते गं."

सुब्बीनं काही विचारलं नाही. गिरिजाला एका मांडीवर घेतलं, वेणूला दुसऱ्या. दोघी पोरी एकाच आईच्या अंगावर वाढल्या. तेव्हा दुधाला कुणी जात विचारली नाही बरं का मंडळी. गरज होती ना!

पोरी रांगायला लागल्या, चालायला लागल्या. एका ताटात जेवायच्या, एका घोंगडीवर झोपायच्या. वेणू सुब्बीला आई म्हणायची आणि गोदाक्कालाही आईच. दोन आया आहेत, ह्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. कुणी विचारलं, "ही कोण गं तुझी?" तर म्हणायची, "बहीण." लोक हसायचे. पोरींना वाटायचं, कौतुकानं हसतात.

पोरी पाच-सहा वर्षांच्या झाल्या आणि गोदाक्काला मुलगा झाला. बारशाचा मोठा थाट. बेळगावहून गोदाक्काची बहीण आली, सुलोचनामावशी. शहरातून फोटोग्राफर बोलावला. अंगणात सतरंजी घातली, खुर्च्या मांडल्या. खुर्चीत मोठी माणसं, पुढं पोरंटोरं. वेणू मधोमध बसली आणि तिला खेटून, तिच्या गळ्यात हात घालून गिरिजा.

फोटोग्राफरनं कॅमेऱ्यातून बघितलं आणि मान वर केली. हसत हसत म्हणाला, "देसाई, ही पोर मधे असली तर फोटोवर शाई सांडल्यागत दिसेल."

सगळे हसले. का हसले ते न कळता वेणूही हसली. आणि मंडळी, गिरिजाही हसली. सगळे हसतायत, म्हणजे काहीतरी मजेचं असणार, एवढंच त्या लेकराला कळलं.

आता तिला उठवायचं कुणी? रवळूला अवघड वाटलं, तो पागोटं नीट करत बसला. गोदाक्कानं खाली बघितलं. पाहुण्यांसमोर कशाला, असं तिला वाटलं. तेव्हा सुलोचनामावशी वाकली आणि वेणूच्या कानात बोलली, "अगं, ती आपल्यातली नाही. सिद्दी आहे ती. तिचे केस बघ, तिचे ओठ बघ, तुझा हात बघ आणि तिचा बघ. सांग तिला उठायला."

वेणूनं बघितलं. जन्मल्यापासून रोज जो हात धरला, तो तिनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. हात कालचाच होता. बघणं बदललं होतं.

आणि वेणू म्हणाली, "गिरिजा, तू ऊठ. तू सिद्दी आहेस."

शब्द मावशीचे, मंडळी. तोंड पाच वर्षांच्या पोरीचं.

गिरिजा उठली. परकराला लागलेली माती झाडली आणि सुपारीच्या झाडाशी जाऊन उभी राहिली. फोटो निघाला.

आपण देवळात जातो. गाभाऱ्यात काळी मूर्ती असते. तिला आपण सावळी म्हणतो, डोळे भरून बघतो. देव असला की सावळा आणि माणूस असला की काळा. का, ते तुम्ही आपल्या मनाला विचारा. मी पुढं जातो.

संध्याकाळी सुब्बी चुलीवर पेज ढवळत होती. गिरिजा येऊन शेजारी बसली.

"आई, सिद्दी म्हणजे काय?"

"कोण म्हणालं तुला?"

"वेणू."

सुब्बीचा हात थांबला. देसायांच्या अंगणात असले शब्द तिनं कमी ऐकले नव्हते. गड्यांचे ऐकले, पाहुण्यांचे ऐकले. ते फाटकाबाहेर टाकून ती घरी यायची. पण हा शब्द वेणूच्या तोंडून आला होता. ते तोंड तिनं स्वतःच्या पदराखाली घेतलं होतं.

"सिद्दी म्हणजे आपण," ती म्हणाली.

"आणि वेणू?"

"वेणू देसायांची."

"मग मी तिची बहीण नाही?"

सुब्बी पेज ढवळत राहिली. करपल्याचा वास आला तरी ढवळतच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली नाही. चार भांडी बांधली, पोरीला घेतलं आणि आत जंगलातल्या वाडीवर भावाकडं निघून गेली. रवळू म्हणाला, चार दिवसांनी येईल. आली नाही. तोही आणायला गेला नाही. बागेला दुसरी बाई मिळाली.

वेणू मात्र दारात बसायची. "गिरिजा कधी येणार?" गोदाक्का म्हणायची, "येईल गं." पुढं पुढं वेणूनं विचारणं सोडून दिलं. आपण काहीतरी बोललो आणि ती गेली, एवढं तिला समजलं होतं. हे ओझं घेऊनच ती वाढली. शाळा झाली, कॉलेज झालं. मावशीच्याच ओळखीतलं स्थळ आलं आणि लग्न ठरलं.

लग्नाच्या अक्षता घेऊन वेणू एकटीच वाडीवर गेली. एसटीतून उतरली, रानातून वाट विचारत चालली. सुब्बी अंगणात भात वाळवत होती. अकालीच म्हातारी झाली होती. तिनं ओळखलं आणि वेणूला पोटाशी धरलं. "बाय, किती वाळलीस गं," म्हणाली. वेणू लहान पोरीसारखी रडली.

तेवढ्यात गिरिजा आली. डोक्यावर लाकडाची मोळी, मागं तिचा पदर धरून चार वर्षांची लेक. मोळी उतरवून ती उभी राहिली.

वेणू म्हणाली, "गिरिजा, मी तेव्हा बोलले ते... मला काही कळत नव्हतं."

"मला ठाऊक आहे," गिरिजा म्हणाली. "मलाही कळत नव्हतं. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, मी तुझ्यासारखीच दिसते. घरी आले आणि घागरीतल्या पाण्यात तोंड बघितलं. तुझ्यावर राग नाही वेणू. पण त्यानंतर मी कुठंही जाते, तर आधी लोकांचे डोळे बघते आणि मग पाय आत टाकते."

वेणूनं तिच्या हातात अक्षता ठेवल्या. "लग्नाला ये. आईला घेऊन ये. ह्या छकुलीलाही आण."

गिरिजानं अक्षता मुठीत धरल्या. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "येईन. पण आम्ही कुठं बसायचं, ते आत्ताच सांग. माझं काय, मी उठेन गं. पण ह्या पोरीला अजून काही माहीत नाही."

मंडळी, वेणू शिकलेली होती. मनानं चांगली होती. इतकी वाट तुडवून आली होती. तिच्या डोळ्यांपुढं मांडव आला, सासरची माणसं आली, मावशी आली. आणि तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. क्षणभरच. पण गिरिजानं तिचे डोळे बघितले.

"जा बाय," गिरिजा म्हणाली. "शेवटची गाडी चुकेल." आणि अक्षता परत वेणूच्या ओंजळीत ठेवल्या. लग्न झालं. वाडीवरून कुणी आलं नाही.

वेणू त्या क्षणी का गप्प राहिली, ते मला विचारू नका. तिच्या जागी तुम्ही असता तर काय सांगितलं असतं? मांडव तुमचा, पाहुणे तुमचे. कुठं बसवाल गिरिजाला? कुठं बसवाल तिच्या लेकीला? उत्तर मला नको. समोर विटेवर उभा आहे, त्याला द्या.

आणि एक बघा. तुमच्या मांडीवर लेकरं पेंगुळलीत. त्यांना अजून कुणाचाच रंग दिसलेला नाही. तो दाखवणारे तुम्ही आणि मी. घरी जाताना वाटेत जे बोलाल, ते त्यांच्या कानावर पडणार आहे.

चला, उठा आता आरतीला. कुणाला मागं सारू नका. शेजारी जो कुणी असेल, त्याला आपल्याबरोबर पुढं येऊ द्या.