थांब्यावरची घसरगाडी

नाव औलिस रौतापा, वय ६३ वर्षे, पूर्वी बर्फ काढायच्या गाडीवर चालक, आता निवृत्त, राहणार कोर्पिवारा, उत्तर फिनलंड. आज गुरुवार, ६ फेब्रुवारी रोजी ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. हिवाळ्यात रस्त्याकडेच्या वस्तूंचे फोटो काढायचा मला नाद आहे. टपालपेट्या, वाळूच्या पेट्या, रस्त्याची कड दाखवणारे खांब, असलंच सगळं. शेजारच्या इंपी लोहिनिवा, वय ८४, यांना मी मावशी म्हणतो. शनिवारी कॉफी पिताना त्या म्हणाल्या, "खांबांचे एवढे लाड करतोस, माझा एक फोटो काढ की मेल्या! खांबापेक्षा बरी दिसते मी."

मी म्हटलं, "मावशी, खांब गप्प उभा राहतो. तुला जमेल का?" त्या खूप हसल्या.

सोमवारी सकाळी साडेदहाला बसथांब्यापाशी मला त्यांची घसरगाडी दिसली. बर्फावर पायाने रेटत न्यायची, पुढे बसायची फळी आणि मागे उभं राहायला पट्ट्या असलेली, तीच. फळीवर त्यांची निळी पिशवी होती. आमच्याकडे म्हातारी माणसं गाडी थांब्यावर ठेवून दहाच्या बसने बाजाराला जातात. तिला कोणी हात लावत नाही. मीही लावला नाही. मावशी अलीकडे विसरायच्या, हे मला माहीत होतं. तरी बाजाराला गेल्या तर पिशवी इथे कशी, हे माझ्या डोक्यात आलं नाही. याची मला लाज वाटते.

गाडीपासून बर्फात पावलं उमटत गेली होती. मी एक फोटो काढला. पावलांमुळे तो बिघडला. नवीन बर्फ पडल्यावर यावं असं ठरवून मी घरी गेलो.

मंगळवारी दिवसभर बर्फ पडला. बुधवारी सकाळी नऊला मी परत गेलो. गाडी तिथेच होती, फळीवर नि पिशवीवर वीतभर बर्फ होता, आजूबाजूला एकही डाग नव्हता. मला आनंद झाला. सोमवारचा फोटो पुसून मी एक्केचाळीस फोटो काढले. चांगले आले आहेत.

दुपारी मावशींच्या मुलीचा, आइलीचा फोन आला. "औलिसदादा, आई फोन उचलत नाहीये. तुमच्याकडे आलीय का हो?" मी बसचालकाला विचारलं. तो म्हणाला, "म्हातारी या आठवड्यात बसलीच नाही." मी लगेच पोलिसांना कळवलं.

ठाण्यातल्या माणसाने पुसलेला फोटो परत आणायची खटपट केली. मिळाला नाही. शोधपथकाला दाखवायला मावशींचा फोटो मागितला, तोही माझ्याकडे नाही.

पावलं तळ्याकडे गेली की जंगलाकडे, हे मला चार वेळा विचारलं. मी डोळे मिटून पाहिलं. मला फक्त गाडी दिसते. बाहेर उणे सव्वीस आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. पावलांच्या दिशेपुढची जागा कोरी ठेवली आहे, तीही बरोबर आहे.