बिनहाताची खुर्ची

...आणि वर मलाच म्हणायचं, "अगं, तुला अनुभव आहे ना!" अनुभव कसला, तर सावळी असण्याचा. आता तुम्हीच सांगा, हा काय नोकरीच्या अर्जात लिहायचा अनुभव आहे?

तुम्हाला सांगते, मी समुपदेशक व्हायला गेले. दुसऱ्याचं दुःख ऐकायचं आणि मध्ये बोलायचं नाही, हे आमच्या घराण्यात आजवर कुणाला जमलेलं नाही, म्हटलं आपण जमवू. वर्ग छोटा, सगळे गोरेपान, मी एकटी सावळी. मधोमध दोन खुर्च्या. हातवाली समुपदेशकाची, बिनहाताची रडणाऱ्याची, आणि आलटूनपालटून बसायचं असा नियम. पण विषय कुठला? वंश आणि विविधता. मग बाई मान तिरकी करून, आवाजात साखर घालून, "वेगळ्या वंशाच्या माणसाशी बोलायचा सराव सगळ्यांना हवा, हो की नाही? मग तू बस ना तिथे. तुला अनुभव आहे ना." बसले. परत बसले. अख्खं वर्ष गेलं हो त्या बिनहाताच्या खुर्चीत.

समोर कोण, तर हंहं. नाव त्याचं वेगळं, पण सारखा मान डोलावत "हं... हं..." करतो म्हणून आम्ही हंहं म्हणतो. हा पुढे वाकून विचारतो, "तुमच्या लोकांत दुःख कसं व्यक्त करतात?" माझ्या लोकांत? अरे बाबा, मी तुझ्याच गल्लीत जन्मले, आपण एकाच दवाखान्यात टोचून घेतलंय... पण बाई डोळ्यांनी खुणावतात, भूमिकेत राहा. मग म्हटलं, माझे लोक म्हणजे घरातले तिघं. आई भांडी आपटते, बाबा रेडिओ मोठा करतात, धाकटा भाऊ मित्राकडे जेवायला जातो. सगळ्यांनी भराभर लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात हंहं फळ्यापाशी उभा राहून सांगतोय, "त्यांच्या संस्कृतीत भांड्यांना फार महत्त्व आहे."

शेवटी बाईंना गाठलं. म्हटलं, "बाई, परीक्षेत हातवाल्या खुर्चीत बसायचंय, मला सराव नको का? पास झाले तर शाळेत समुपदेशकाची जागा आहे, तिथल्या मोठ्या बाईंनी शब्द दिलाय." तर बाईंच्या डोळ्यांत पाणी. "माझ्याकडून तुझ्यावर अन्याय झाला का गं?" घ्या. मीच त्यांची पाठ थोपटतेय, मीच पाणी आणून देतेय, "नाही हो बाई, तुम्ही फार चांगल्या" म्हणतेय. डोळे पुसून म्हणतात काय, "किती छान समजावतेस. तुला अनुभव आहे ना." हा सराव धरतात का? नाही धरत.

मग परीक्षा. बाहेरचे परीक्षक कोपऱ्यात. रडणारं माणूस म्हणून बाईंच्या आत्याला आणलेलं, त्यांना एवढंच सांगितलेलं की आत जा, मोकळ्या खुर्चीत बसा आणि बोला. मला आधी बोलावलं. आत गेले, आणि पाय मेले सवयीने थेट बिनहाताच्या खुर्चीकडे... टेकले मी! लक्षात येईपर्यंत आत्या हातवाल्या खुर्चीत ऐसपैस बसल्यासुद्धा. उठायला गेले, तर माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बस गं. तोंड का उतरलंय तुझं?"

परीक्षक खाकरले. खुर्ची बदलू या, एवढं म्हणायला हवं होतं मला. पण तुम्हाला सांगते, वर्षभरात हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या लोकांचं विचारलं, कातडीचं विचारलं, माझं नाही. मग काय, बांध फुटला. हंहंपासून भांड्यांपर्यंत सगळं बोलले, रडलेसुद्धा. आत्या मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

नापास. शाळेतली जागा हंहंला मिळाली. परवा फोन करून विचारत होता, "इथे तुमच्यापैकी एक मुलगी आहे, तिच्याशी कसं बोलू?" म्हटलं, तोंड का उतरलंय ते विचार. म्हणाला, "हं... हं... आणि भांड्यांचं कधी काढू?"

मी परत पहिल्यापासून. काल पहिला तास झाला, चेहरे नवे, खुर्च्या त्याच. बाईंनी मान तिरकी केली. "तू बस ना तिथे. तुला अनुभव आहे ना."

आता काय, आहेच. बसले.