तीनशे बारा आवाज

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील संचालक मंडळी आणि प्रमुख पाहुणे, चाचणी विभागापासून भांडारापर्यंतचे माझे सारे सहकारी, आणि वेळात वेळ काढून आलेल्या घरच्या मंडळींनो,

आधीच्या वक्त्यांनी माझं इतकं कौतुक केलं, की या बाईंना एकदा भेटायला हवं, असं मलाच वाटून गेलं! अध्यक्ष म्हणाले, या कंपनीत ज्ञान व्यवस्थापन बाईंनी रुजवलं. रुजवलं खरं, पण कसं, ते आज सांगू द्या. उद्यापासून मला विचारणार कोण?

सोळा वर्षांपूर्वी मला फर्मान आलं : जुनी माणसं निवृत्त होतायत, त्यांच्या डोक्यातलं कागदावर उतरवा. मी मोठ्या हौसेनं बेचाळीस रकान्यांचा फॉर्म काढला. ‘आपणांस काय येते?’ या रकान्यात लेथवाल्या दादांनी लिहिलं, ‘पोहता’. बाकीचे फॉर्म कोरेच परत आले.

मग फॉर्म गुंडाळला आणि स्टूल घेऊन कानसेनबुवांच्या शेजारी जाऊन बसले. नव्या मंडळींसाठी सांगते, हे आमचे पंप तपासनीस. चालत्या पंपाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचे, त्याची मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून सांगायचे, “बेअरिंग चाललंय. महिना काढेल.” ते महिनाच काढायचं.

मी विचारलं, “बुवा, कळतं कसं?”

“ताई, घरात कोण रुसलंय हे भांड्यांच्या आवाजावरून कळतं ना? तसंच.”

आता हे कुठल्या रकान्यात लिहू, सांगा!

तीन महिने त्यांनी मला दाद दिली नाही. मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्वतःच माझ्या टेबलाशी आले. “उजवा कान गेलाय. डावाही चाललाय. डॉक्टर म्हणतात, फार तर वर्ष. तुम्ही लिहिताय त्या गतीनं नाही जमायचं.”

“साहेबांना सांगितलंत?”

“घरीसुद्धा नाही सांगितलं. आधी हे उरकू.”

आम्ही आवाज मुद्रित करायला लागलो. आठ महिने! बुवा एकेक पंप लावायचे आणि बोलत राहायचे. “हं, थांबा... आता घसा खाकरल्यासारखं येईल. आलं?” मध्येच लेकीच्या बाळंतपणाची काळजी, मध्येच गुणगुणणं. तीनशे बारा आवाज झाले. शेवटचे तीस त्यांनी, डावा कानही गेल्यावर, स्क्रूड्रायव्हर दातांत धरून ऐकले.

मग मी साफसफाई केली. शिकणाऱ्याला पंप स्वच्छ ऐकू यावा म्हणून बुवांचं बोलणं सगळीकडून कापायला लावलं. त्यांनी समजावलेलं तेवढं टाईप करून घेतलं. मूळ मुद्रणं जागा अडवतात, म्हणून पुसायला सांगितली. त्या कागदावर माझीच सही आहे.

उपयोग झाला का? झाला तर! गेल्या वर्षी चाचणी विभागातल्या आपल्या मुलीनं इस्पितळाला निघालेला पंप गाडीवरून उतरवून घेतला. “एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरसारखा वाजतोय,” म्हणाली. उघडला, तर आत तडा. टाळ्या तिच्यासाठी वाजवा.

हे ऐकायला बुवा नव्हते. त्याच्या दोन वर्षं आधीच ते गेले. गेल्यावर महिन्याभरानं त्यांच्या पत्नी, आपल्या वहिनी, माझ्या केबिनमध्ये आल्या. “तुम्ही त्यांचं बोलणं टेप केलं होतं म्हणे. थोडंसं द्याल? काहीही चालेल. नुसते खोकले असतील तरी.”

मी तीनशे बाराच्या तीनशे बारा ऐकले. तीन दिवस लागले. एकातही बुवा नाहीत. इतकं चोख काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल.

“नाही हो वहिनी,” एवढंच म्हणू शकले. “असू दे,” म्हणाल्या, आणि उलट पाण्याचा पेला माझ्याच पुढे सरकवला.

तेव्हापासून इथे कुणाचंही बोलणं कापत नाहीत. तेवढा नियम माझ्यामागे बदलू नका. अजूनही कुठे पंप सुरू झाला, की माझी पावलं अडतात. आता ‘हं, थांबा’ ऐकू येईल, असं वाटत राहतं.

अध्यक्षांचे, संचालकांचे आणि इतकी वर्षं मला शेजारी बसू देणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर सभेनं पोटात घालावं. त्या सहीची माफी मात्र सभेकडे मागत नाही. वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. वहिनी, त्या दिवशी माझ्या तोंडून माफीचा शब्द निघाला नाही. आज सगळ्यांसमोर मागते. मला माफ करा.