कंप्युटरपुढचं गाऱ्हाणं

हसू नका, पण माझा पहिला प्रोग्रॅम गाऱ्हाण्यावर चालला! लिनक्सच्या सीडीतला पायथन जुना होता आणि पुस्तक नव्या पायथनचं, म्हणून नवा उतरवून घ्यायला हवा होता. मालवणात तेव्हा फोनच्या लायनीवर इंटरनेट. डाऊनलोड अर्ध्यावर आलं की लाईन तुटायची. मी रडकुंडीला आले.

शेवटी बाबांनी, होडी लोटताना ठेवतात तसा, कंप्युटरपुढे नारळ ठेवला आणि देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाचा ह्या काम पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" घरचे म्हणाले.

मी डाऊनलोडची कमांड दिली. स्क्रीनवर प्रश्न उमटला.

"काय इचारता तो?" बाबांनी विचारलं.

"फुडे जाव काय, म्हणान इचारता."

सगळे एका सुरात ओरडले, "व्हय म्हाराजा!"

मी 'येस'चा वाय दाबला. लाईन शेवटपर्यंत टिकली.

आज पुण्याच्या ऑफिसात तोच प्रश्न आला की माझी अख्खी टीम, तमिळ मॅनेजरसकट, ओरडते, "व्हय म्हाराजा!"