देवाआधी एक चकती

तर मायबाप हो, टाळ जरा खाली ठेवा. आज एक प्रश्न आणलाय, तो मांडीवर झोपलेलं लेकरू न उठवता ऐकायचा. प्रश्न असा — माणूस माणसाला जपतो, ते मायेनं की भीतीनं? लगेच 'मायेनं' म्हणू नका. खांबाशी बसलेल्या काकू म्हणाल्याच! थांबा काकू, आधी माधवनगरच्या इंदुमतीबाईंना भेटा.

इंदुमती कानडे, वय बासष्ट. यजमान त्र्यंबकराव, एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. गाडी लागली की कर्ण्यातून असे पुकारायचे, की झोपलेला प्रवासी दचकून भलत्याच गाडीत चढायचा. या त्र्यंबकरावांना माघात हृदयविकाराचा झटका आला. वाचले. पण घरी सोडताना डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेतलं. हृदयाची ताकद कमी झालीय म्हणाले. तेल बेतानं, मीठ दिवसाला अगदी चिमूटभर. जास्त गेलं तर अंगात पाणी साठेल, श्वास कोंडेल, आणि पुन्हा इथं आणायची वेळ आली तर मी शब्द देऊ शकत नाही.

त्या दिवसापासून बाई घाबरली. कशी घाबरली? न्हाणीघरात तांब्या वाजायचा थांबला की ही दाराशी उभी. दुपारी त्यांचा डोळा लागला की ही नाकापाशी बोट धरून. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या पावलावर अंगठा दाबून बघायची, सूज आहे का, खळगा पडतो का. आणि ताटात काय? उकडलेला दुधी. दुसऱ्या दिवशी दोडका, तेवढाच बदल.

बिचारे त्र्यंबकराव खायचे. पुढंपुढं बोलेनासे झाले. एकादशीला बटाट्याच्या तळलेल्या कुरकुरीत चकत्या हा त्या घरचा पस्तीस वर्षांचा रिवाज, तोही बंद पडला. पुण्याच्या लेकीला, शाल्मलीला, हे बघवेना. तिनं एअर फ्रायर पाठवला. आई, यात तेल जवळजवळ लागतच नाही, गरम वाऱ्यावर तळलं जातं, म्हणाली. वाऱ्यावर! बाईंना ते यंत्र पहिल्यांदा इस्पितळातल्या एखाद्या उपकरणासारखंच दिसलं. त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं आणि वर टॉवेल टाकला.

पण वैशाखातली एकादशी आली आणि टॉवेल निघाला. बाईंनी बटाटे सोलले, किसणीवर पातळ चकत्या पाडल्या, पाण्यात सोडल्या, फडक्यावर कोरड्या केल्या. तेलाचं नुसतं बोट फिरवलं. पहिला घाणा वाऱ्यानं उडाला, वरच्या तारेला चिकटला, करपला, स्वयंपाकघरात धूर. तरी दुसऱ्या घाण्याला त्यांनी वर स्टीलची जाळी ठेवली, मधेच डबा ओढून हलवला, आणि निघाल्या की हो! सोनेरी, वाजणाऱ्या. त्यावर डॉक्टरांनी सांगितलेली ती एक चिमूट. दोन बोटांत धरून, उजेडात बघून.

चाखल्या का? छे. नैवेद्याचं चाखतं का कुणी? तुमच्या घरी चाखतात? देवापुढं ठेवल्या, पाणी फिरवलं आणि मग ताटली यजमानांपुढं. बाई समोर बसल्या. त्र्यंबकरावांनी एक खाल्ली. दुसरी. सगळी ताटली संपवली, छान झाल्यात म्हणाले, आणि आत जाऊन पडले.

मग बाईंनी देवापुढं राहिलेली एक चकती प्रसाद म्हणून तोंडात टाकली.

मंडळी, ती मिठागरातून काढल्यासारखी होती.

कसं झालं? अहो, चकत्या काळ्या पडू नयेत म्हणून त्या मुरवायच्या पाण्यात मूठभर मीठ घालायचं, ही सासूबाईंची शिकवण. पस्तीस वर्षं हात आपला मीठ घालत आलेला. त्याही दिवशी हातानं बाईंना न विचारता मूठ सोडली होती. हाताला काय ठाऊक डॉक्टर!

ज्या भीतीनं बाईंना तीन महिने झोपू दिलं नाही, ती आपल्याच हातून ताटलीत वाढली गेली. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, लक्ष ठेवा, दम लागला तर क्षणभरही थांबू नका. बाई उशाशी जाऊन बसल्या. छातीचा भाता वर, खाली. पंखा बंद केला, श्वास ऐकू यावा म्हणून. एक तास. दोन तास. पाचच्या सुमाराला त्र्यंबकराव उठून बसले आणि म्हणाले, अजून एक उशी दे, सपाट पडलं की कोंडतंय.

रिक्षात बाईंनी त्यांचा हात धरला होता. कुणाचा हात जास्त गार, ते सांगता आलं नसतं.

"खारट होत्या, तुम्हाला कळलं नाही?"

"पहिल्याच चकतीला कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

ते दम घेत, तोडत तोडत बोलले. "तीन महिन्यांत पहिल्यांदा तू माझ्या तोंडाकडं बघत होतीस, इंदू. पावलांकडं नाही. म्हटलं, खारट म्हणालो तर ही पुन्हा पावलांकडं बघायला लागेल."

बघा मंडळी. ती त्याच्या मरणाला भ्यायलेली, आणि तो तिच्या भीतीला. दोघं जपत होते एकमेकांना, आणि त्या जपण्यात गडी मरायला टेकला होता.

इस्पितळात सुया टोचून लघवीवाटे अंगातलं पाणी काढलं. दोन रात्री बाई बाकावर. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घरी सोडलं, आणि मीठ न लावता थोड्या चकत्या चालतील, असंही सांगितलं.

पुढच्या एकादशीला चकत्या साध्या पाण्यात पडल्या. वर जिरेपूड, लिंबू. ताटली देवाकडं निघाली आणि बाई मधेच वळल्या. एक चकती नवऱ्यापुढं धरली.

"चाखा आधी. आणि खरं सांगा."

"अगं, देवाच्या आधी?"

"देवाला चालेल. तो कधी खारट म्हणाला नाही, तसे तुम्हीही म्हणाला नाहीत. आता तुम्ही तरी म्हणा."

त्र्यंबकरावांनी चावली, तोंड वाकडं केलं. "अगदीच बेचव आहे," म्हणाले. आणि बाई ओट्याला टेकून रडल्या, कारण भीतीनं कोंडलेला माणूस त्यांना पुन्हा बोलताना दिसला होता.

तर काकू, आता बोला, माया की भीती? नका बोलू. घरी जा, आज ज्याला जेवायला वाढाल त्याच्याकडं बघा. तुमच्या धाकानं तो काय निमूट गिळतोय? विचारा त्याला. आणि तो खारट म्हणाला, तर मायबाप हो, रागावू नका — हात जोडा.