तिसरी भाकरी

मला संशयी म्हणता ना? मग ऐका. सहामाही हिशेब तपासायला एका पेंडीच्या कंपनीत गेलो होतो. माल स्वतः मोजल्याशिवाय मी सही करत नाही. केडगावच्या गोदामातली पोती मोजली आणि म्हणालो, "चला, आता शेवगावचं गोदाम."

"आधी जेवू, साहेब," मॅनेजर म्हणाले. आजवर मला कुठल्या कंपनीनं चहापुढं काही विचारलं नव्हतं. इथं तिसऱ्या भाकरीचा आग्रह! तेवढ्यात ते फोनवर हळूच म्हणाले, "जेवतायत अजून."

मी ताटावरून उठलो, तो थेट शेवगावला. तिथं टेम्पोतून पोती उतरत होती. घामाघूम हमाल माझ्यावरच चिडला, "आजून एक भाकरी खायची हुती की, साहेब! निम्मी पोती केडगावातच हायेत."